पाण्याखालचे अनोळखी प्राणी आणि गरवणाऱ्याची साक्ष

गळ टाकून बसलेला माणूस जे धरायला आलेला असतो, ते त्याला दिसत नसते. दोरीला बसलेला हिसका, पाण्यावर उठलेले वलय, आमिष कुरतडण्याची तऱ्हा, एवढ्यावरून तो खाली कोण आहे ते ओळखतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर ठरतो. कधी दोरी तुटते आणि प्रश्न तसाच राहतो. पाण्यातल्या अनोळखी प्राण्यांच्या गोष्टी या राहिलेल्या प्रश्नांतून जन्मल्या आणि त्या सांगणारे बहुतेक मासे धरणारेच होते. पुढे त्याच लोकांच्या बोलण्याला थापा म्हणायची रीत पडली. मी स्वतः गरवणारा असल्यामुळे हे मला खुपते. गेल्या तीनशे वर्षांत या साक्षींचे काय झाले, ते नीट पाहिले तर थट्टा करणाऱ्यांचा हिशोब बराच चुकलेला दिसतो.

गळ फार जुना. जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत समुद्री गोगलगायीच्या शिंपल्यापासून घडवलेले गळ सापडले. त्यांचे वय सुमारे २३,००० वर्षे आहे. पोटासाठी सुरू झालेल्या या कामाला छंदाचे रूपही लवकर आले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे अशी माशांची विभागणी केलेली आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, दोरी आणि काठी कशी असावी, हेही त्यात येते. पाण्याकाठी बसल्याशिवाय हे कोणाला लिहिता येणार नाही. इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवरची एक पुस्तिका छापली गेली. कोणत्या महिन्यात आमिष म्हणून कोणती नकली माशी वापरावी हे सांगताना ती वाचकाला बजावते की हावरेपणाने एका वेळी फार मासे मारू नका. मासे धरणाऱ्यांची बारकाईने पाहण्याची परंपरा अशी जुनी आहे, आणि ती लक्षात ठेवूनच पुढच्या गोष्टी वाचायला हव्यात.

नॉर्वेच्या बर्गन शहरचा बिशप एरिक पोंटोपिदान याने १७५२-५३ मध्ये आपल्या देशाचा निसर्गेतिहास प्रसिद्ध केला. त्यात ‘क्राकेन’ या महाकाय प्राण्याची हकीकत आहे. ती त्याने कोळ्यांकडून ऐकली होती. एरवी जिथे ८० ते १०० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाणी लागायचे, तिथे एखाद्या दिवशी २० ते ३० वावांवरच तळ लागतो, आणि त्या दिवशी कॉड आणि ‘लिंग’ या जातींचे मासे खच्चून मिळतात. म्हणजे खाली क्राकेन आहे असे समजायचे. खोली आणखी कमी होऊ लागली की होड्या वल्हवत दूर व्हायचे. बिशपने या प्राण्याचा घेर दीड मैलाचा सांगितला आणि तेवढ्यावरून सगळी हकीकत हास्यास्पद ठरली. पण यातले तपशील पाहा. किती वाव पाणी, कोणते मासे, होडी कधी हलवायची: हे रोज समुद्रावर जाणाऱ्याचे बोलणे आहे. दीड मैल हा आकडा कोणीही काळजीपूर्वक मोजलेला नव्हता. वावांचा आकडा मात्र ज्याच्या हातात दोरी होती त्याचा होता.

पुढे शंभर वर्षांनी, १८५७ मध्ये, डेन्मार्कच्या यापेटुस स्टेनस्ट्रुप याने, क्राकेनच्या गोष्टींशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या महाकाय माकुळाला (स्क्विडला) ‘आर्किट्युथिस’ हे शास्त्रीय नाव दिले. त्याच्यापुढे मुख्य पुरावा होता तो या प्राण्याच्या चोचीचा. सगळ्यांना तो पटला नाही. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूफाउंडलंडच्या कन्सेप्शन उपसागरात काही कोळ्यांना पाण्यावर तरंगणारा एक ढिगारा दिसला. त्यांनी तो टोचला, तेव्हा त्यातून निघालेल्या भुजांनी होडीला विळखा घातला. कुऱ्हाडीचे घाव घालून त्या तोडाव्या लागल्या. एका भुजेचा जवळजवळ सहा मीटरचा तुकडा मोझेस हार्वी नावाच्या पाद्र्याच्या हाती आला. काही आठवड्यांतच दुसऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात अख्खा प्राणी सापडला. हार्वीने तो विकत घेतला, घरातल्या न्हाणीच्या दांडीवर टांगला आणि त्याचे छायाचित्र काढून घेतले. कोळ्यांच्या गप्पा म्हणून हिणवलेला प्राणी असा घराच्या भिंतीआड येऊन पोहोचला.

जिवंत महामाकूळ खोल समुद्रात पाहायला त्यानंतर आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि तेही काम शेवटी गळानेच झाले. सप्टेंबर २००४ मध्ये त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी जपानच्या ओगासावारा बेटांजवळ ९०० मीटर खोल दोरी सोडली. तिला कॅमेरा आणि आमिष लावलेला गळ होता. माकुळाची एक भुजा गळाला अडकली आणि तो चार तासांहून जास्त वेळ झगडत राहिला. शेवटी साडेपाच मीटरचा तुकडा सोडून तो निसटला, पण तोवर कॅमेऱ्याने पाचशेहून अधिक छायाचित्रे घेतली होती. आमिष, खोली, जागा आणि वाट पाहणे, ही चारही अंगे प्रत्येक गरवणाऱ्याच्या ओळखीची आहेत. मला ही घटना शास्त्राच्या इतिहासाइतकीच गळाच्या इतिहासात मोठी वाटते.

सीलकँथ नावाच्या माशाची हकीकत आणखी बोलकी आहे. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात एका ट्रॉलरने आणलेल्या मासळीच्या ढिगात मार्जोरी कोर्टने-लॅटिमर हिला दीड मीटर लांबीचा निळसर मासा दिसला. ती तिथल्या संग्रहालयाची क्युरेटर होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाल्याचे समजल्या जाणाऱ्या गटातला हा मासा आहे, हे जे. एल. बी. स्मिथ यांनी ओळखले. स्मिथ नोकरीने रसायनशास्त्राचे शिक्षक होते, पण लहानपणापासूनच्या गरवण्याच्या नादाने ते माशांच्या अभ्यासाकडे वळले होते. दुसरा मासा मिळावा म्हणून त्यांनी माशाचे छायाचित्र आणि १०० पौंडांचे बक्षीस छापलेली पत्रके आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वाटली. १४ वर्षे शोध चालला. १९५२ च्या डिसेंबरमध्ये कोमोरो बेटांवरच्या एका कोळ्याने हातदोरीने तो धरला, आणि मग कळले की तिथले लोक हा मासा पूर्वीपासून ओळखत होते. ते त्याला ‘गोंबेसा’ म्हणत. रात्री खोल पाण्यात दुसऱ्याच माशासाठी टाकलेल्या गळाला तो अधूनमधून लागे. मांस तेलकट असल्यामुळे त्याची कोणाला फारशी किंमत नव्हती. पुढे १९९७-९८ मध्ये इंडोनेशियातही सीलकँथ मिळाला. ती वेगळीच जात निघाली, आणि तिथल्या कोळ्यांकडेही तिचे नाव आधीपासून होते, ‘राजा लाउत’, म्हणजे समुद्राचा राजा.

मी साक्षीचा कस कसा लावतो ते इथेच सांगतो. खऱ्या निघालेल्या प्राण्यांच्या साक्षीत कंटाळवाणे तपशील फार असतात. मासा कोणत्या खोलीवर लागतो, कोणत्या वेळी, चवीला कसा आहे, काय करताना मध्ये येतो. ज्याला पोटासाठी रोज त्याच पाण्यावर जायचे आहे, त्याला अद्भुत वाटायला वेळ नसतो. तो प्राण्याची नोंद कामातली अडचण किंवा सोय म्हणून ठेवतो.

एकोणिसाव्या शतकात या रोजच्या कामकऱ्यांमध्ये आणखी एक वर्ग मिसळला. कारखान्यांतल्या मजुरांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळू लागली, रेल्वेने स्वस्तात बाहेर पडता येऊ लागले, आणि शेफील्ड, लंडनसारख्या शहरांत कामगारांचे गरवण्याचे क्लब निघाले. त्यांचा जोर एवढा वाढला की १८७८ मध्ये शेफील्डचे खासदार मुंडेला यांच्या पुढाकाराने नदीतल्या माशांसाठी विणीच्या काळातली बंदी कायद्यात आली. आठवडाभर धुरात आणि यंत्रांच्या आवाजात राबणारी माणसे सुट्टीच्या दिवशी तासन् तास पाण्याकडे पाहत बसू लागली. गरवणे म्हणजे काय, हे मला या माणसांकडे पाहून जास्त पटते. मासा मिळाला नाही तरी दिवस फुकट गेला असे वाटत नाही, कारण आठवड्यात पहिल्यांदाच नजर एका जागी ठरलेली असते. आणि ठरलेल्या नजरेला पाण्यात बरेच काही दिसते, खरेही आणि भासाचेही.

लॉक नेसची कथा दुसऱ्या प्रकारची आहे. स्कॉटलंडमधले हे सरोवर सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि २३० मीटर खोल आहे. पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) मातीमुळे पाणी इतके गडद की थोड्या खोलीवरच काही दिसेनासे होते. १९३० मध्ये होडीतून गरवणाऱ्या तीन तरुणांनी पाण्यात मोठी खळबळ पाहिल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली होती. तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. सरोवरात राक्षसी प्राणी दिसल्याच्या, २ मे १९३३ च्या ‘इन्व्हरनेस कुरियर’मधल्या बातमीने मात्र जग हलले. ती लिहिणारा अलेक्स कॅम्बेल हा सरोवरातल्या साल्मनची चोरटी मासेमारी रोखणारा पहारेकरी होता. म्हणजे इथेही सुरुवात मासेमारीच्या वर्तुळातच झाली. फरक पडला तो त्यानंतर. काठाने नव्याने सुधारलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलेल्या प्राण्याला लांब मान फुटली. त्या मानेचे मूळ पाण्यात शोधण्यापेक्षा संग्रहालयात शोधावे. एकोणिसाव्या शतकात प्लेसिओसॉर या लांब मानेच्या, नामशेष झालेल्या समुद्री सरीसृपांचे सांगाडे सापडून प्रसिद्ध झाल्यावर समुद्रसर्पांच्या वर्णनांतही लांब मानेचे प्रमाण वाढत गेले, असे जुन्या नोंदी तपासणाऱ्या २०१९ च्या एका अभ्यासात दिसले. १९३४ चे मान वर काढलेले प्रसिद्ध छायाचित्र खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेल्या डोक्याचे होते, हे १९९४ मध्ये उघड झाले.

तरीही ज्यांनी लॉक नेसवर काहीतरी पाहिले ते सगळे खोटारडे होते असे मी मानत नाही. उंच काठांच्या लांबट सरोवरात होडी निघून गेल्यावरही तिच्या लाटा बराच वेळ टिकतात, काठावर आपटून परततात आणि एकमेकींत मिसळून एकामागून एक कुबडांसारख्या उठतात. तोवर होडी दिसेनाशी झालेली असते. शांत पाण्यावर ओळखीच्या मापाची दुसरी वस्तू नसली की अंतर आणि आकार दोन्ही चुकतात. रांगेने पोहणारी पाणमांजरे, पाणी ओलांडणारे हरीण, कुजत्या ओंडक्याखाली साठलेला वायू सुटल्यावर वर येणारे लाकूड, हे सगळे खरेच दिसते. पाहणाऱ्याची नजर खरी असते, त्याने लावलेले माप चुकते.

२०१८ मध्ये न्यूझीलंडचे नील गेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरोवरातून पाण्याचे सुमारे २५० नमुने घेऊन त्यातला डीएनए तपासला. पुढच्या वर्षी निष्कर्ष आले: सरपटणाऱ्या महाकाय प्राण्याचा मागमूस नाही, शार्क नाही, स्टर्जन नाही, पण वाम मात्र जवळजवळ सगळीकडे. लगेच ‘राक्षसी वाम’ अशी नवी कल्पना पुढे आली. डीएनएवरून माशाची लांबी कळत नाही, म्हणून तिला जागा मिळाली. २०२३ मध्ये धरलेल्या वामांच्या मोजमापांवरून गणित मांडले गेले, तेव्हा एक मीटरची वामसुद्धा तिथे फार विरळ ठरली. कित्येक मीटरच्या वामेची शक्यता उरलीच नाही. हा निकालही पुन्हा धरलेल्या माशांच्या मापानेच लागला.

मासे धरणाऱ्यांवर फुगवून सांगण्याचा जो आरोप होतो, त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच शोधले आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन स्थापन झाली. विक्रम नोंदवायचा तर मासा प्रमाणित काट्यावर, होडीत नव्हे तर घट्ट जमिनीवर तोलायचा, छायाचित्रे द्यायची आणि वापरलेल्या दोरीचा नमुना पाठवायचा. मासा जिवंत सोडायचा असेल तर घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले आठशे, मापे इंचांत घेतली की वजन पौंडांत मिळते. हा अंदाज असतो, आणि गरवणारे त्याला अंदाजच म्हणतात. अनोळखी प्राण्यांच्या शोधात एवढी शिस्त पाळली असती, तर कितीतरी कागद वाया गेले नसते.

आपल्याकडच्या कावेरीतला कुबडा महसीर हे मला सगळ्यात जवळचे उदाहरण. या माशाची कीर्ती १८७० च्या दशकापासून गरवणाऱ्यांमध्ये होती. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेल्या एका महसीरचे वजन १२० पौंड भरले. इतका प्रसिद्ध मासा, पण त्याची शास्त्रीय ओळख २०१८ पर्यंत पक्की झालेली नव्हती. त्या वर्षी तो आणि २००७ मध्ये पांबार नदीतून वर्णन केलेला ‘टोर रेमादेवी’ एकच असल्याचे दाखवले गेले. त्याच वर्षी तो अतिधोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. तो कमी होत चालला आहे हे आधी कळले ते नदीकाठच्या गरवण्याच्या छावण्यांतल्या वह्यांमुळे. १९९८ ते २०१२ या काळात कोणी किती तास गळ टाकला, काय लागले, किती वजनाचे, हे त्यांत लिहिलेले होते. बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढत गेला आणि मूळचा कुबडा मासा विरळ होत गेला, हे त्या आकड्यांतून उघड झाले. मासे सोडून देणाऱ्या छंदी लोकांनी, उद्या याचा उपयोग होईल असे मनात नसताना, संध्याकाळी थकून लिहिलेल्या त्या नोंदी होत्या. लॉक नेसच्या एकाही छायाचित्रापेक्षा मला त्या वह्या मोलाच्या वाटतात.

१३ जून २०२२ च्या रात्री कंबोडियात मेकाँग नदीवरच्या एका कोळ्याच्या गळाला प्रचंड पाकट लागले. नदीत एवढी पाकटे असतात हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. यावेळी त्याने संशोधकांना कळवले, कारण असे काही मिळाले तर कळवा, हे त्यांनी गावोगावी आधीच सांगून ठेवले होते. पाकटाची लांबी जवळजवळ चार मीटर आणि वजन ३०० किलो भरले. गोड्या पाण्यातला नोंदलेला सगळ्यात मोठा मासा तो ठरला. त्याला ध्वनिसंकेत देणारा टॅग लावून नदीत सोडले गेले आणि कोळ्याला माशाची किंमत मिळाली.