परसबागेतील उन्हाळी लागवड (नागपूर)

नागपुरात घरगुती उन्हाळी भाज्यांची लागवड माघ-फाल्गुनात, म्हणजे साधारणतः जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत केली जाते. हा काळ दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे. जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि गार मातीत भेंडी, दोडके, कारले यांचे बी रुजण्याऐवजी कुजते. उलट एप्रिलमध्ये तो ४० अंश ओलांडतो, मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो, आणि तोवर मुळे खोल गेली नसतील तर दुपारी माना टाकलेली रोपे संध्याकाळीही सावरत नाहीत.

लागवडीचे यश बियाण्यापेक्षा मातीच्या तयारीवर अधिक ठरते. शहराच्या बऱ्याच भागांत बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी, चिकण माती आहे. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना कुदळ मारल्यास निघालेली ढेकळे उन्हात विटेसारखी टणक होतात, तर पूर्ण वाळल्यावर कुदळ आत शिरतच नाही. म्हणून जागा भिजवून दोन-तीन दिवसांनी वाफसा, म्हणजे खोदण्याजोगी बेताची ओल, पाहावा लागतो. वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा: पडताच तो फुटून विखुरला तर खोदाईची वेळ झाली, चेपटून एकसंध राहिला तर आणखी एक दिवस थांबावे. हा एक दिवस न थांबल्याचे नुकसान पुढे कितीही खत घातले तरी भरून येत नाही. माती सैल व्हावी म्हणून थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण चिकण मातीत तिचा फारसा उपयोग होत नाही. चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हाच खरा उपाय होय. ताजे शेण टाळावे, कारण त्यात हुमणी (मुळे खाणारी अळी) वाढते. नव्या लेआउटमधील घरांभोवती मुरूम आणि बांधकामाचा मलबा भरलेला असतो. तेथे आळ्यापुरता खड्डा खणून चांगली माती भरणे सोयीचे ठरते.

पावसाळ्यात पाणी निघून जावे म्हणून गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच वाफे) करतात. उन्हाळ्यात मात्र पाणी मुळांशी थांबावे म्हणून सपाट किंवा किंचित खोलगट वाफे आणि वेलांसाठी आळी करतात.

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडके, कारले, दुधी आणि विदर्भात आवडीने खाल्ले जाणारे ढेमसे ही या हंगामाची पिके आहेत. भेंडीचे बी रात्रभर भिजवून पेरतात आणि पहिला तोडा साधारण ४५ ते ५० दिवसांत मिळतो. कारल्याच्या बियांचे कवच जाड असल्याने त्या भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. वेलांवर आधी नरफुले येतात व गळतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. दोडके आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून परागकण हाताने लावायचे असल्यास तीच वेळ साधावी लागते. सांबार (कोथिंबीर) मात्र उन्हात लवकर फुलावर येतो. त्याला दुपारची सावली लागते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि सागाची पानगळ होते. हा पालापाचोळा जाळून टाकणे ही मोठी नासाडी आहे; तोच रोपांभोवती तीन-चार बोटे जाड पसरला की ओल टिकते आणि भेगा कमी पडतात. एप्रिलपासून पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूने हिरवी जाळी बांधतात, आणि पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर देतात.

फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पाऊस आणि गारपीट कोवळी रोपे झोडपून काढते. त्यामुळे सगळे बी एकदम न पेरता थोडे राखून ठेवतात; मार्चच्या मध्यापर्यंत भेंडी व गवार पुन्हा पेरता येते.