देवमाशांमधील शोकवर्तन

कळपातील एखादा जीव, विशेषतः नवजात पिल्लू, मेल्यानंतर देवमासे आणि डॉल्फिन त्याच्या शवाजवळ रेंगाळतात, ते डोक्यावर किंवा पाठीवर घेऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी धरून ठेवतात, ढकलत दूरवर नेतात आणि कोणी जवळ आल्यास आड येतात. या वर्तनाला सामान्यतः शोकवर्तन म्हणतात. मराठीत शोक आणि सुतक हे दोन वेगळे शब्द आहेत: शोक मनात असतो, सुतक पाळायचे असते. समुद्रावर दुर्बीण लावून बसलेल्या निरीक्षकाला दिसते ते दुसऱ्या प्रकारात मोडणारे, म्हणजे बाहेरून पाहता आणि मोजता येणारे वागणे. पहिल्याविषयी त्याला केवळ अनुमान करता येते. त्यामुळे शास्त्रीय लेखनात ‘शोक’ हा शब्द जपूनच वापरला जातो.

देवमासा नावाने मासा असला तरी तो सस्तन प्राणी आहे आणि श्वासासाठी त्याला पाण्यावर यावे लागते. अशक्त पिल्लाला वर उचलून धरण्याची मादीची सवय ही त्याच्या जगण्याचीच अट असते. पिल्लू मेल्यावरही हीच क्रिया चालू राहते, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. प्रश्न आहे तो ती किती काळ आणि का चालू राहते, हा.

सर्वांत गाजलेले उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅलिश समुद्रातील ‘जे-३५’ अर्थात टाहलेक्वा या ओर्का मादीचे आहे. (ओर्काला किलर व्हेल म्हणत असले तरी तो डॉल्फिन कुळातील सर्वांत मोठा प्राणी आहे.) २४ जुलै २०१८ रोजी तिला झालेले मादी पिल्लू सुमारे अर्ध्या तासात मेले. ते शव तिने १७ दिवस वाहिले आणि तेवढ्या काळात सुमारे १,६०० किलोमीटर अंतर कापले. शव घसरून बुडू लागले की ती खोल सूर मारून ते पुन्हा वर आणत असे, आणि यात तिची शक्ती व शिकारीचा वेळ दोन्ही खर्ची पडत होते. डिसेंबर २०२४मध्ये जन्मलेले तिचे आणखी एक पिल्लू दगावले, तेव्हा जानेवारी २०२५मध्ये ती पुन्हा शव वाहताना दिसली. तिच्या समूहात सत्तरपेक्षा थोडेच अधिक प्राणी उरले आहेत आणि त्यांचे मुख्य अन्न असलेला चिनूक सामन मासा घटला आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या घटनेकडे पाहणे अपुरे ठरते.

एका उदाहरणावरून नियम ठरत नाही. १९७० ते २०१६ या काळातील ७८ नोंदींचा आढावा २०१८मध्ये घेण्यात आला, तेव्हा देवमासे आणि डॉल्फिन यांच्या ८८पैकी २० जातींत असे वर्तन नोंदले गेल्याचे आढळले. त्यांपैकी ९२ टक्क्यांहून अधिक नोंदी डॉल्फिन कुळातील होत्या. दातांऐवजी गाळणीसारखे पट्टे असलेल्या अजस्र देवमाशांविषयी जवळजवळ काहीच हाती लागले नाही. शवाची काळजी घेणाऱ्या बहुतेक प्रौढ माद्या होत्या आणि मृत जीव बहुतांशी पिल्ले होती. अर्थात किनाऱ्यालगत राहणारे प्राणी माणसाच्या नजरेस अधिक पडतात, याचाही या आकड्यांवर परिणाम असणारच.

ग्रीसच्या अम्व्राकिकोस आखातातील दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. डॉल्फिन-अभ्यासक जोआन गोन्झाल्व्हो यांच्या चमूला २००७मध्ये एक बॉटलनोज डॉल्फिन मादी मृत नवजात पिल्लाला वारंवार वर उचलताना दिसली. दुसऱ्या दिवशीही ती तेच करत होती. पुढे त्याच आखातात काही महिन्यांचे एक आजारी पिल्लू तडफडत असताना कळप त्याला तरंगत ठेवण्यासाठी धडपडला, पण ते मरताच शव बुडू देऊन कळप लगेच निघून गेला. अकस्मात आणि अपेक्षित मरण यांतील फरक या प्राण्यांना उमगत असावा, असा तर्क यातून मांडला गेला. तर्क आकर्षक आहे; आधार मात्र दोनच घटनांचा आहे.

मरण न उमगल्यामुळे शव धरून ठेवले जाते, पिल्लाला शुद्धीवर आणण्याचा हा प्रयत्न असतो, प्रसूतीनंतरच्या संप्रेरकांमुळे मातृत्वाची ओढ तुटत नाही, अशी इतर स्पष्टीकरणे दिली जातात. यांपैकी कोणतेही एक सर्व घटनांना लागू पडत नाही. कुजून ओळखू न येणारे शव कित्येक दिवस वाहणाऱ्या मादीबाबत ‘मरण उमगले नाही’ हे कारण फारच दुबळे वाटते.

सामूहिकरीत्या किनाऱ्याला लागणे हा शोक नव्हे, परंतु त्यातही कळपाचे बंध दिसतात. जानेवारी २०१६मध्ये तमिळनाडूतील तिरुचेंदूरजवळ ८०हून अधिक पायलट देवमासे किनाऱ्याला लागले. मच्छीमारांनी खोल पाण्यात सोडलेल्यांपैकी काही पुन्हा किनाऱ्याकडे परतले.

गोव्यात हा विषय दूरचा नाही. वरील आढाव्यातील निम्म्याहून अधिक नोंदी दोनच प्रजातींच्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांच्या) होत्या, आणि त्यांपैकी एक आहे पाठीवर कुबड असलेल्या (हम्पबॅक) डॉल्फिनची. याच प्रजातीतील हिंद महासागरी डॉल्फिन मांडवी आणि झुवारी यांच्या मुखांशी, सिकेरी, दोनापावल आणि दक्षिणेस पाळोळ्यापर्यंत किनाऱ्यालगत वावरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवले आहे. पर्यटकांना ‘डॉल्फिन दाखवायला’ नेणाऱ्या होड्या याच पट्ट्यात फिरतात. पिल्लू एकसारखे वर ढकलत एका जागी घुटमळणारी मादी होडीतल्याला खेळकर वाटू शकते. अशा वेळी यंत्र बंद करून लांब राहणे आणि शव ओढून न घेणे योग्य होय. भारतात हे सर्व प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत येतात; त्यामुळे मृत प्राणी किनाऱ्याला लागल्यास वनखात्याला कळवावे लागते.