वादळात खिडकी उघडी ठेवू नका

मे संपत आला आणि अरबी समुद्रात वादळाची चाहूल लागली, की कोकणात मोबाइलवर एक सल्ला फिरू लागतो: वारा आरपार जायला एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरातल्या दाबाने छप्पर उडेल. हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि जिवावर बेतणारा आहे.

त्यामागची समजूत अशी, की बाहेर हवेचा दाब उतरतो आणि घर आतून फुगते. दाब उतरतो हे खरे. 'निसर्ग'सारख्या वादळाच्या केंद्रात तो आजूबाजूपेक्षा वीसेक हेक्टोपास्कलने, म्हणजे साधारण दोन टक्क्यांनी, कमी असतो. पण तो उतरायला काही तास लागतात, आणि आपली घरे काही हवाबंद नसतात. दाराखालची फट, झरोके, कौलांमधल्या सांदी एवढ्यावर दाब सहज सारखा होतो. छप्पर जाते ते वाऱ्याच्या वेगाने.

३ जून २०२०ला दुपारी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा वारा ताशी ११० किमीच्या आसपास होता. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड या भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, हजारो विजेचे खांब पडले आणि कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात राहिली. त्या वाऱ्याचा हिशोब मांडून पाहू.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग करून ०.६ने गुणले की पास्कलमध्ये उत्तर मिळते. ताशी ११० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ३०.५ मीटर, म्हणून सुमारे ५६० पास्कल. चौरस मीटरला ५७ किलोचा भार. वेग निम्मा असता, तर हाच भार १४ किलो भरला असता.

आता हा वारा छपराशी काय करतो ते पाहा, कारण खरी गंमत इथेच आहे. भिंतीवर आपटलेली हवा वर चढते आणि पागोळीच्या कडेशी छपराला सोडून उसळते. तिला तीक्ष्ण वळण घेता येत नाही. तिच्याखाली, पत्र्याला लागून, भोवऱ्यांनी भरलेला कमी दाबाचा पट्टा तयार होतो. कमी उताराच्या छपरावर ही ओढ वाऱ्याच्या दाबाच्या ०.८ पट धरा. कडांना आणि कोपऱ्यांना ती दुपटीच्याही पुढे जाते. पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो. तो जागेवर राहतो तो फक्त हुकांच्या जोरावर.

दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर आतला दाब या ओढीत ०.२ची भर घालतो. वाऱ्याच्या तोंडची मोठी खिडकी उघडी असली, की ही भर ०.७ होते. वारा आत शिरतो, बाहेर पडायला तेवढी वाट नसते, आणि छत्री आतून वारा भरून उलटावी तसे छप्पर खालूनही रेटले जाते. बेरीज एकवरून दीडवर गेली, म्हणजे चौरस मीटरला ५७ किलोऐवजी ८५ किलो. तीन बाय चारच्या खोलीवर सव्वातीनशे किलोंहून जास्त भार वाढला, तो एका खिडकीने.

मग मागच्या बाजूची खिडकी उघडावी का? कागदावर त्याने उचल कमी होते. पण वादळ सरकते तसा वाऱ्याचा रोख फिरतो. आपल्या गोलार्धात वादळाच्या मार्गाच्या उजव्या हाताला तो घड्याळाच्या दिशेने वळतो, डाव्या हाताला उलट, आणि केंद्र डोक्यावरून गेले तर थेट विरुद्ध दिशेने येतो. सकाळची मागची खिडकी दुपारी तोंडची होते. म्हणून सगळेच बंद ठेवायचे, आणि मुख्य दाराला आतून आडणा लावायचा.

वादळानंतर घरमालकाला वास्तुदोष सांगून पैसे उकळणाऱ्यांची मला चीड येते. शेजाऱ्याचे घर टिकते त्याची कारणे डोळ्यांना दिसतात. चौपाखी छपराला दुपाखीपेक्षा कमी ओढ बसते, कारण त्याला त्रिकोणी उभी भिंत नसते आणि सगळे पाखे उतरते असतात. कौलांच्या सांदीतून हवा जाते, त्यामुळे वरचा-खालचा दाब थोडा सारखा होतो. सलग पत्र्याला ती सोय नाही.

वीज गेल्यावर घरच्यांनी माजघरात किंवा स्लॅबच्या खोलीत, बाहेरच्या भिंतींपासून दूर बसावे. मेन स्विच बंद करावा. जनरेटर घरच्या वायरिंगला थेट जोडू नये; ती वीज उलट लाइनवर जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. पडलेल्या तारेजवळ फिरकू नये, गाव अंधारात असले तरी.

आणि पावसाआधी शिडी लावून पत्र्याचे हुक तपासायचे ते कडांपासून सुरू करावेत. पागोळीची ओळ, आढ्याची ओळ आणि चारही कोपरे. तिथे दोन हुकांमधले अंतर मधल्या भागाच्या निम्मे ठेवावे, गंजलेला प्रत्येक हुक बदलावा, आणि पत्र्याखालचे वासे भिंतीला पट्टीने बांधलेले आहेत ना तेही पाहावे, नाहीतर पत्रा वाशांसकट जातो.