तिएस: रुळांच्या फाट्यावरचं शहर

सेनेगलची राजधानी डाकार सोडून पूर्वेला निघालं की सुमारे ७० किलोमीटरवर रूळ फुटतात. एक वाट उत्तरेला सां-लुई शहराकडे वळते, दुसरी पूर्वेला जाते ती पार मालीतल्या बामाकोपर्यंत. या फाट्यावर तिएस आहे. फ्रेंच स्पेलिंग बघून आपल्याकडे कुणी ‘थिएस’ही लिहितं, पण फ्रेंच उच्चार तिएस आणि तिथल्या वोलोफ भाषेत चेस. वस्ती तीन लाखांच्या वर, देशातल्या मोठ्या शहरांपैकी एक.

या शहराचं पोट रेल्वेवर चाललं, पण रेल्वेचे निर्णय कधी पॅरिसला झाले, कधी डाकारला, कधी बामाकोला. एकदाच, १९४७-४८ मधल्या संपाच्या पाच महिन्यांत, चाकं फिरणार की नाही हे तिएसने ठरवलं. शहराची आजची अर्थव्यवस्था समजून घ्यायची तर त्या पाच महिन्यांच्या आधी आणि नंतर काय घडलं ते पाहावं लागतं.

सुरुवात झाली भुईमुगापासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या मार्सेय आणि बोर्दोच्या तेलघाण्यांना आणि साबणाच्या कारखान्यांना शेंगदाणा हवा होता, आणि सेनेगलची रेताड, कमी पावसाची जमीन त्याला मानवणारी होती. मुख्य पीकपट्टा होता कायोर नावाच्या राज्यात. शेंगा उंटांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून बंदरावर यायच्या. तिएसच्या आसपास तेव्हा सेरेर-नून लोकांची गावं आणि दाट झाडी होती. १८६० च्या दशकात फ्रेंचांनी तिथे लष्करी चौकी बसवली.

डाकार ते सां-लुई असा २६४ किलोमीटरचा लोहमार्ग टाकायचा म्हणजे कायोरच्या मधून जायचं. कायोरचा राजा लात जोर याने आधी करार करून वाट दिली, पण रुळांमागून काय येणार हे ओळखून नंतर कडवा विरोध केला. मलाव या त्याच्या घोड्याची कथा सेनेगलमध्ये आजही घरोघरी सांगतात: माझ्या मलावच्या नजरेला मी हे रूळ पडू देणार नाही, अशी राजाची शपथ होती म्हणे. १८८५ मध्ये गाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८८६ मध्ये, देखेलेच्या विहिरीजवळ फ्रेंच तुकडीशी लढताना लात जोर मारला गेला. तिएसच्या स्टेडियमला आज त्याचंच नाव आहे. ज्या रेल्वेने शहर उभं केलं तिच्या शत्रूचं नाव लोकांनी मानाने लावलं, याचं मला नवल वाटत नाही. दोन्ही वारसे त्यांचेच आहेत.

या मार्गावर तिएस हे नुसतं एक स्टेशन होतं. त्याचं नशीब पालटलं ते दुसऱ्या रुळांनी. फ्रेंचांना सेनेगल नदीवरून नायजर नदीपर्यंत पोचायचं होतं. सेनेगल नदीकाठच्या ‘काय’ नावाच्या गावापासून नायजरकाठच्या कुलिकोरोपर्यंत रेल्वे टाकायचं काम १८८१ मध्ये सुरू झालं आणि १९०४ मध्ये संपलं. पण ‘काय’ हे गाव समुद्रापासून दूर, देशाच्या आत. तिथपर्यंत बोटी यायच्या त्या फक्त पावसाळ्यात, नदीला पाणी असेपर्यंत. म्हणजे कोट्यवधी फ्रँक ओतून बांधलेला लोहमार्ग वर्षातले बरेच महिने समुद्राला तुटलेला. उपाय एकच होता, तिएसपासून ‘काय’पर्यंत साडेसहाशेहून जास्त किलोमीटर नवे रूळ. १९०७ मध्ये काम निघालं, मध्ये महायुद्ध आलं, आणि १९२३ मध्ये दोन्ही टोकं जुळली. डाकार–नायजर रेल्वे पुरी झाली. गेज मीटरचं, म्हणजे एकेकाळी आपल्याकडे मनमाड–औरंगाबाद गाडी ज्या रुंदीच्या रुळांवर धावायची तेच.

या रेल्वेचं प्रशासन आणि मुख्य कारखाना तिएसला आला. आता शहरात फिटर, लोहार, बॉयलरवाले, सांधेवाले, कारकून भरू लागले. इंजिनं उघडायची, वाघिणींची चाकं बदलायची, मिळत नसलेला सुटा भाग तिथेच घडवायचा, असं हे काम. कारखान्याच्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी बालाबे नावाची वसाहत झाली: बागेतले बंगले, व्हरांडे, दुतर्फा महोगनीच्या जातीच्या झाडांची सावली. ती झाडं शहरात आजही आहेत. कामगार राहायचे रुळांच्या पलीकडच्या वस्त्यांत. वोलोफ, सेरेर आणि पूर्वेकडून, म्हणजे आजच्या मालीतून, आलेले बांबारा एकाच आळीत नांदले, त्यांच्यात सोयरिकी झाल्या. कुलिबाली, त्राओरे ही मालीकडची आडनावं तिएसच्या जुन्या रेल्वे घराण्यांत सापडतात ती त्यामुळे.

भुईमुगाचा हंगाम आला की स्टेशनाजवळच्या उघड्या मैदानात शेंगांचे ढीग रचले जायचे, दोन मजली घराइतके उंच. या आवाराला ‘सेक्को’ म्हणतात. शेतकरी माल आणायचा, बोर्दोच्या पेढ्यांचा किंवा लेबनानी व्यापाऱ्याचा माणूस वजन करायचा, आणि त्या वजनातून आधी उधारीवर दिलेल्या बियाण्याचे आणि तांदळाचे पैसे वळते व्हायचे. उरलेले रोख पैसे हातात पडले की शेतकरी कापड, चहा, साखर घेऊन परतायचा. शहराचा बाजार याच दोन पैशांवर चालायचा: हंगामात शेतकऱ्याचा आणि बारा महिने रेल्वेच्या पगाराचा.

आणि पगारातच खरी खोच होती. १९४६ मध्ये फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्या रेल्वे मिळून पंधरा हजारांहून जास्त आफ्रिकन कामगार ‘ऑक्झिलियेर’ म्हणजे सहायक होते. नाव सहायक, काम कायमचं. वीस-वीस वर्षं इंजिन चालवणारा माणूसही कागदावर हंगामी. कायम नोकरीतले आफ्रिकन दोन हजारांहून कमी, आणि त्यांच्या डोक्यावर पाचशेच्या आत युरोपियन. घरभाडं, रजा, बढतीची शिडी या गोष्टी सहायकाला नव्हत्या. २७ सप्टेंबर १९३८ रोजी तिएसमध्ये सहायकांनी संप केला, कारण त्यांच्या पुढाऱ्याची बदली झाली होती. सैनिकांनी गोळी चालवली, ६ कामगार ठार झाले, तीसेक जखमी. शहर ही तारीख विसरलेलं नाही.

युद्धानंतर रेल्वे कामगारांच्या संघटनेची सूत्रं इब्राहिमा सार या तरुण कारकुनाकडे आली. तो स्वतः कायम नोकरीतला, चांगलं फ्रेंच लिहिणारा. पण त्याने सहायकांची बाजू धरली. मागणी होती ‘काद्र युनिक’, म्हणजे एकच वेतनश्रेणी: गोरा असो की काळा, एका कामाला एक शिडी, आणि सहायकांना तिच्यावर पाय ठेवायला जागा. एप्रिल १९४७ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष व्हँसाँ ओरिओल सेनेगलमध्ये आलेले असताना कामगारांनी काम थांबवलं, आणि सरकारने तत्त्वतः मान तुकवली. पुढे नेहमीप्रमाणे समिती बसली, चर्चा लांबली. १० ऑक्टोबर १९४७ रोजी बेमुदत संप सुरू झाला. डाकार–नायजरच नाही, तर कोनाक्री, आबिजान आणि दाहोमेच्या (आजच्या बेनिनच्या) रेल्वेही थांबल्या. सुमारे १९ हजार माणसं कामावरून उतरली.

सरकारचा हिशेब सोपा होता: महिनाभर पगार नाही मिळाला की परत येतील. ते आले नाहीत. का, हे समजायला तिएसच्या स्वयंपाकघरात जावं लागतं. संप हंगामाच्या तोंडावर झाला होता, गावाकडे बाजरी निघत होती. कामगाराचा भाऊ, सासरा, मामा शेतकरी होता. धान्याची पोती शहरात येऊ लागली, काही कुटुंबं तात्पुरती गावी गेली. संघटनेकडे थोडा निधी होता, सहकारी भांडार होतं. दुकानदारांनी उधारी लिहून ठेवली. बायकांनी दागिने मोडले, बाजारात जे विकता येईल ते विकलं आणि संध्याकाळी चूल पेटवली. जो कामावर जाईल त्याची गाण्यांतून अब्रू काढली. पुढे कादंबरीतून गाजलेली स्त्रियांची तिएस ते डाकार पदयात्रा ही लेखकाची कल्पना. घर चालवण्याची त्यांची लढाई मात्र खरी होती, आणि माझ्या मते संप टिकला तो तिच्यावरच.

मोठ्या माणसांनी मध्ये पडून पाहिलं. वजनदार धर्मगुरूंनी कामावर जायला सांगितलं, राजकीय पुढारी अंतर राखून राहिले. बेकायदा संपाबद्दल सारला शिक्षा सुनावली गेली. जानेवारीच्या सुरुवातीला आबिजानची रेल्वे कामावर गेली. तिएस हललं नाही. शेवटी नवे गव्हर्नर जनरल पॉल बेशार यांनी तोड काढली आणि १९ मार्च १९४८ रोजी कामगार परत गेले. पगारात २० टक्के वाढ, संपाबद्दल कुणावर कारवाई नाही, सहायकांना कायम करण्याची वाट खुली. सगळं मिळालं नाही, आणि पुढच्या वर्षांत खर्चकपातीच्या नावाखाली अनेक सहायकांची नोकरी गेलीही. पण साम्राज्याला टेबलावर बसवता येतं हे पश्चिम आफ्रिकेने तिथे पाहिलं.

सार पुढे मंत्री झाला. डिसेंबर १९६२ मध्ये पंतप्रधान मामादू दिया आणि राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांच्यात फूट पडली तेव्हा तो दियांच्या बाजूने उभा राहिला, आणि स्वतंत्र सेनेगलने त्याला लांबच्या केदुगूत तुरुंगात टाकलं. १९७४ मध्ये सुटला, १९७६ मध्ये वारला. परक्या सरकारपुढे न झुकलेल्या माणसाला आपल्याच सरकारने अकरा वर्षं कोंडून ठेवलं, हे वाचताना मन कडू होतं.

त्याआधीच रेल्वेवर पहिला घाव बसला होता. सेनेगल आणि माली (तेव्हाचा फ्रेंच सुदान) यांचं एकत्र संघराज्य जून १९६० मध्ये स्वतंत्र झालं आणि २० ऑगस्टच्या रात्री मोडलं. फ्रेंच सुदानचे नेते मोदिबो केइता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रेल्वेनेच बामाकोला पाठवून देण्यात आलं. मग मालीने सरहद्दीवर रेल्वे तोडली, ती १९६३ पर्यंत. मालीचा माल आबिजानकडे वळला. तिएसमधली कितीतरी सुदानी कुटुंबं, ज्यांची मुलं तिथेच जन्मली होती, बाडबिस्तरा बांधून पूर्वेला गेली. एका रेल्वेच्या दोन सरकारी रेल्वे झाल्या.

शहराने दुसरे आधार शोधले. आसपासच्या जमिनीत फॉस्फेट होतं. ताइबाच्या खाणी १९६० च्या सुमाराला चालू झाल्या. सेंघोर यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये चित्रजवनिका विणण्याचा सरकारी कारखाना जुन्या लष्करी आवारात उघडला: चित्रकार पापा इब्रा ताल यांच्या देखरेखीखाली मागावर लोकरीच्या रंगीत चित्रांचे पडदे विणले जाऊ लागले. १९७३ मध्ये अभियांत्रिकीची पॉलिटेक्निक आली. शहराबाहेरच्या रस्त्यालगत बायका गवताच्या वेटोळ्यांवर प्लॅस्टिकच्या रंगीत पट्ट्या गुंडाळून टोपल्या विणतात, आपल्या सुपासारखी पसरट ‘लायू’ही, त्या आज परदेशातल्या दुकानांत दिसतात.

रेल्वे मात्र खंगत गेली. रूळ जुने, इंजिनं जुनी, आणि ट्रक स्वस्त. २००३ मध्ये दोन्ही देशांनी डाकार–बामाको मार्ग ‘ट्रान्सरेल’ या खासगी कंपनीला २५ वर्षांसाठी दिला. तिचं लक्ष मालवाहतुकीवर होतं. प्रवासी गाड्या घटल्या, अनेक लहान स्टेशनं बंद झाली. गाडी थांबली की खिडकीशी आंबे, उकडलेल्या शेंगा, पाण्याच्या पिशव्या घेऊन धावणाऱ्या बायकांचं उत्पन्न एका वेळापत्रकाने गेलं. २०१० च्या सुमाराला बामाकोची प्रवासी गाडी संपली, काही वर्षांतच करार मोडला, आणि २०१८ पर्यंत मालगाड्याही थांबल्या. ज्या कारखान्यात सुटा भाग घडवणारी माणसं तयार झाली होती, तिथे अनेक महिन्यांचा थकलेला पगार मागायची वेळ आली.

आता पैसा रस्त्यावरून येतो. डिसेंबर २०१७ मध्ये नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ तिएस प्रांतातच उघडला, पुढच्या वर्षी तिएस ते तूबा हा महामार्ग. डाकारची नवी वेगवान उपनगरी गाडी २०२१ च्या अखेरीस सुरू झाली, पण पहिल्या टप्प्यात ती दियामनियादिओपर्यंतच, तिएसच्या बरीच अलीकडे. तिएसच्या कारागिरीला एक वेगळं काम मात्र मिळालं: ‘सेनबस’च्या कारखान्यात भारतातून आलेल्या सुट्या भागांपासून टाटाच्या मिनीबस जोडल्या गेल्या. डाकारमध्ये कुणी म्हणालं की मी टाटाने आलो, तर तो या बसबद्दल बोलत असतो.

दुसरा धागा तर थेट आपल्या शेतापर्यंत येतो. तिएसच्या उत्तरेला दारू (Darou) नावाच्या गावातल्या कारखान्यात फॉस्फेटपासून फॉस्फोरिक आम्ल बनतं. त्या कंपनीत इफ्कोची भागीदारी होती, २०१४ पासून बहुतांश मालकी इंडोरामा या कंपनीकडे आहे, आणि मोठा ग्राहक भारत. डीएपीच्या गोणीतल्या स्फुरदाचा काही भाग असा त्या मातीतून येतो. आम्लाच्या टाक्यांची गाडी सां-लुईच्या जुन्या रुळांवरून, म्हणजे लात जोरने अडवू पाहिलेल्या वाटेने, तिएसच्या फाट्यावर येते आणि डाकार बंदराकडे वळते. पूर्वेच्या फाट्यावरून बामाकोपर्यंत जाणारी गाडी अजून परत सुरू झालेली नाही.