केमोच्या पेशंटचा सुजलेला पाय चोळू नका

‘केमोनं अंगात पाणी धरलंय, हळद-तेल लावून चोळा,’ हा सल्ला सांगलीत हमखास मिळतो. हळद आपल्या घरचीच. घातक आहे ते चोळणं. एकच पाय सुजला, पोटरी गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर शिरेत गुठळी असू शकते. कॅन्सरच्या पेशी रक्त गोठवणारा टिश्यू फॅक्टर सोडतात. कॅन्सर आणि गुठळीचा संबंध पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्येच मांडला; १८६७ मध्ये ते स्वतः पोटाच्या कॅन्सरनं गेले. चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करा. गुठळी वाढू नये म्हणून देतात ते हेपॅरिनचं इंजेक्शन पोटावर, बेंबीपासून दोन इंच लांब घेतात. तीही जागा चोळू नये, रक्त साकळतं. अचानक दम लागला तर थेट इमर्जन्सी गाठा.