अभिजात अमेरिकी मोटारींतील सांगाडा-बळकटीचे भाग

मोटारीच्या सांगाड्याला किंवा एकसंध कवचाला पीळ पडू नये, जोड सैल होऊ नयेत आणि चाकांचे ठरवलेले कोन टिकून राहावेत, यासाठी मूळ रचनेत भर म्हणून बसविलेल्या पट्ट्या, तिरपे आधार, बंद पेट्या व आडव्या दांड्या. प्रस्तुत नोंदीत सुमारे १९३० पासून १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या अमेरिकी मोटारींचा विचार केला आहे. एक्स्पोर्ट ब्रेस, माँटे कार्लो बार, टॉर्क बॉक्स, सबफ्रेम कनेक्टर ही यांतील परिचित नावे. हौशी मालक आज हे भाग सुट्या भागांच्या विक्रेत्यांकडून घेतात, त्यामुळे ते सगळे मागाहून निघालेले जोडकाम असावे असा समज रूढ आहे. सबफ्रेम कनेक्टरचा अपवाद सोडता तो बरोबर नाही. उघड्या टपाच्या गाड्या, खराब रस्ते आणि शर्यती या तीन गरजांपोटी यांतील बहुतेक भाग कारखान्यांनी स्वतःच घडवले किंवा कारखान्यांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या शर्यत-पथकांनी रूढ केले.

पीळ आणि बंद छेद. आरंभीच्या अमेरिकी मोटारींचा सांगाडा म्हणजे दाबून घडवलेल्या पोलादी पन्हळीच्या दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. मिल्वॉकी येथील ए. ओ. स्मिथ कंपनीने १९२१ मध्ये सुरू केलेल्या स्वयंचलित कारखान्यातून असे सांगाडे दिवसाला दहा हजारांपर्यंत बाहेर पडत. ही पन्हळ उभा भार चांगला पेलते, पण पिळाला ती फार दुबळी असते. १०० मिमी उंच, ५० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड पत्र्याची उघडी पन्हळ घेतली, तर तिचा पीळ-स्थिरांक (पिळाला होणारा विरोध दाखवणारा आकडा) सुमारे १,८०० मिमी⁴ येतो. तिच्या उघड्या बाजूवर त्याच जाडीची पट्टी वेल्ड करून पेटी बंद केली की तोच आकडा सुमारे ८,६६,००० मिमी⁴ होतो, म्हणजे जवळजवळ ४८० पट. वजन मात्र दीडपटीपेक्षा कमीच वाढते. प्रत्यक्ष गाडीत जोड, छिद्रे आणि वळणे यांमुळे एवढा लाभ पदरात पडत नाही, तरीही पुढे येणाऱ्या निम्म्याअधिक भागांचे मर्म याच हिशेबात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलून घेणारे हौशी, जुन्या फोर्डच्या तुळया आतून पट्टी लावून बंद करीत, त्यामागेही हेच कारण होते.

एक्स-आधार. दोन तुळयांच्या मधोमध इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा आधार घालण्याची कल्पना अमेरिकेत प्रथम कोणी आणली, याचे श्रेय सामान्यतः १९२९ च्या कॉर्ड एल-२९ या गाडीला आणि तिचे अभियंते हर्बर्ट स्नो यांना देतात. तिरप्या आधारांचे प्रयत्न त्याआधीही झाले असणे शक्य आहे. मात्र विक्रीच्या गाडीत संपूर्ण एक्स रूढ करण्याचा मान एल-२९ कडे ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढील काही वर्षांत ही रचना वेगाने पसरली आणि १९३३ च्या फोर्डमध्येही एक्स-आधार आला. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात (१९२८ पासून) जुळणी झालेल्या शेव्हरोले आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळणी झालेल्या डॉज, प्लिमथ व डी सोटो या गाड्या स्वतंत्र सांगाड्याच्या पिढीतल्या होत.

भर म्हणून आलेला एक्स काही काळ स्वतःच सांगाडा झाला. १९५८ ते १९६४ च्या मोठ्या शेव्हरोले गाड्यांत कडेच्या तुळया जवळजवळ काढून टाकून सगळा भार मधल्या एक्सवर घेतला होता. त्यामुळे गाडीची बैठक खाली आली, पण बाजूने धडक बसली तर दार आणि प्रवासी यांच्यामध्ये सांगाड्याचे पोलाद उरले नाही. १९६१ च्या अशाच एका स्टेशन वॅगनच्या प्राणघातक अपघातावरून इव्हान्स विरुद्ध जनरल मोटर्स हा खटला उभा राहिला. गाडी अपघातातही सुरक्षित राहील अशी बनवण्याची जबाबदारी उत्पादकावर नाही, असा निर्णय सातव्या मंडल अपील न्यायालयाने १९६६ मध्ये दिला आणि १९७७ मध्ये त्याच न्यायालयाने तो फिरवला. तोवर, १९६५ पासूनच, मोठी शेव्हरोले परिघीय सांगाड्याकडे, म्हणजे कडेने तुळया असलेल्या सांगाड्याकडे, वळली होती.

एकसंध कवच. सांगाडा आणि बॉडी एकजीव करण्याचे अमेरिकी टप्पे थोडक्यात असे : क्रायस्लर एअरफ्लो (१९३४) व लिंकन-झेफर (१९३६) यांतील तुळईपुलासारख्या बांधणीचे प्रयोग, मोठ्या प्रमाणावर निघालेली पहिली युनिबॉडी (एकसंध कवचाची गाडी) म्हणून मान्यता पावलेली नॅश ६०० (१९४१), हडसनची १९४८ ची मोनोबिल्ट बांधणी, आणि १९६० च्या हंगामात इंपीरियल वगळता क्रायस्लरच्या सर्व गाड्यांचे युनिबॉडीत रूपांतर. यांपैकी पहिली खरी युनिबॉडी कोणती, हा वाद बराचसा व्याख्येवर अवलंबून आहे.

अशा बांधणीत टप हा भार वाहणारा अवयव असतो. तो कापून गाडी उघडी केली की मधला भाग होडीसारखा लवू लागतो आणि दारांच्या फटी कमीजास्त होतात. त्यावर उपाय म्हणून दारांखालील रॉकर पेट्या जाड पत्र्याच्या करीत आणि त्या पेट्या व पुढील-मागील तुळया यांच्या कोपऱ्यांत बंद डबे वेल्ड करीत. हेच टॉर्क बॉक्स. तुळईतून येणारा पीळ ते रॉकरमध्ये उतरवतात. फोर्ड मस्टँगच्या कन्व्हर्टिबलमध्ये, म्हणजे उघड्या टपाच्या प्रकारात, याशिवाय जमिनीच्या पत्र्याखाली आडवी बळकटीही असे. टप नसूनही ही गाडी बंद गाडीपेक्षा जड भरते, ती यामुळेच. क्रायस्लरने १९६० च्या दशकाच्या अखेरीस कन्व्हर्टिबलसाठीची ही युक्ती ४२६ हेमी या ताकदवान इंजिनाच्या बंद गाड्यांनाही लावली. तिथे प्रश्न टपाचा नव्हता, इंजिनाच्या पिळाचा होता.

एक्स्पोर्ट ब्रेस. या भागाच्या उगमाविषयी सर्वाधिक मतभेद आहेत. आधी रचना पाहणे आवश्यक आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात सादर झालेली मस्टँग ही १९६० च्या फोर्ड फाल्कनच्या पायावर उभी होती. फाल्कनमध्ये पुढची स्प्रिंग सस्पेन्शनच्या वरच्या आर्मवर बसते आणि तिचे वरचे टोक इंजिनाच्या दोन्ही अंगांना असलेल्या पत्र्याच्या उंच बुरुजांत, म्हणजे शॉक टॉवरमध्ये, टेकते. परिणामी खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट टॉवरच्या माथ्यावर जातो आणि वर्षानुवर्षांच्या दणक्यांनी दोन्ही टॉवर इंजिनाकडे कलू लागतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत प्रत्येक टॉवरपासून काचेखालच्या काउलपर्यंत एकेक सुटी पट्टी बोल्टने बसवलेली असे. एक्स्पोर्ट ब्रेस त्या दोन पट्ट्यांची जागा घेतो. तो एकाच जाड पत्र्यातून दाबून काढलेला असून दोन्ही टॉवर आणि काउल यांचा त्रिकोण साधतो.

नावाचे सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण असे की, जिथले रस्ते अमेरिकेपेक्षा खडबडीत होते अशा देशांत पाठवायच्या गाड्यांना फोर्ड हा भाग बसवीत असे. मस्टँग हे नाव जर्मनीत क्रुप कंपनीच्या हक्कामुळे वापरता येत नव्हते, म्हणून तिथे ही गाडी टी-५ या नावाने विकली गेली, आणि टी-५ गाड्यांवर हा ब्रेस आढळतो. दुसरे मत या भागाचे मूळ शर्यतीत शोधते, कारण अमेरिकी वाचकांना तो प्रथम ठळकपणे दिसला तो १९६५ च्या शेल्बी जीटी३५० मध्ये, म्हणजे कॅरल शेल्बी यांच्या कारखान्याने शर्यतीसाठी बदललेल्या मस्टँगमध्ये.

यांपैकी पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. शर्यतीशी काहीही संबंध नसलेल्या साध्या निर्यात गाड्यांवर हा भाग आहे, हे दुसऱ्या मताला सहज पेलत नाही. शिवाय फाल्कनच्या पुढच्या भागाची परीक्षा अमेरिकेबाहेर आधीच झाली होती. सप्टेंबर १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात आलेल्या एक्सके फाल्कनचे पुढचे सस्पेन्शन, विशेषतः बॉल जॉइंट, तिथल्या कच्च्या रस्त्यांवर टिकेना आणि फोर्डला ते मजबूत करावे लागले. या अनुभवातूनच हा ब्रेस जन्मला असे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र परदेशी रस्ते हा कंपनीच्या अभियंत्यांपुढचा खरा प्रश्न होता, एवढे त्यावरून दिसते. कॅरल शेल्बी यांच्या कारखान्याने हा भाग घडवला नाही, तयार होता तो उचलला, असे म्हणणे योग्य.

जुन्या मस्टँगवर हा ब्रेस चढवताना टॉवर किती कलले आहेत ते डोळ्यांनी दिसते. गाडी चाकांवर उभी असताना काउलकडचे बोल्ट बसतात, पण टॉवरकडची छिद्रे जुळत नाहीत. टॉवरवरचे छिद्र ब्रेसच्या छिद्राच्या आत सरकलेले असते, दोहोंमधून जेमतेम चंद्रकोरीएवढा उजेड येतो. अशा वेळी छिद्र कानसून मोठे करणे ही चूक होय. पुढचा भार उचलून दोन्ही टॉवरमध्ये आडवा जॅक घालतात आणि तो थोडा थोडा फिरवत टॉवर मूळ जागी ढकलतात. कोर पूर्ण गोल झाली की बोल्ट हातानेच आत जातो.

माँटे कार्लो बार. इंजिनावरून आडवी जाणारी आणि दोन्ही टॉवरांजवळच्या आतल्या मडगार्डांना बोल्टने जोडलेली ही दांडी. नाव माँटे कार्लो रॅलीवरून पडले, याविषयी दुमत नाही. या रॅलीत १९६३ मध्ये हॉलमन अँड मूडी या शर्यत-पथकाने तयार केलेल्या फाल्कन स्प्रिंट उतरल्या आणि १९६४ मध्ये बो ल्युंगफेल्ट यांची फाल्कन पॅडी हॉपकर्क यांच्या मिनीमागे एकूण दुसरी आली. त्या गाड्यांमुळे ही दांडी रूढ झाली असे मानतात. नावाचे वय आणि कल्पनेचे वय मात्र एक धरू नये, कारण इंजिनाच्या कप्प्यात आडवा आधार घालणे ही काही एकाच पथकाला सुचण्यासारखी गोष्ट नव्हे.

हे दोन भाग एकमेकांना पर्याय आहेत असे अनेकदा लिहिले जाते. यांत्रिकीच्या दृष्टीने ते चूक आहे. दांडी दोन टॉवरांमधले अंतर राखते, पण दोन्ही टॉवर एकाच दिशेला झुकले तर तिचा उपयोग होत नाही. ते झुकणे काउलला बांधलेला त्रिकोण रोखतो. म्हणूनच जानेवारी १९६५ मध्ये जाहीर झालेल्या जीटी३५० मध्ये दोन्ही एकत्र होते, सोबत सस्पेन्शनच्या वरच्या आर्मचा जोडबिंदू एक इंच खाली घेतलेला आणि कोनी कंपनीचे शॉकॲब्सॉर्बर. या बदलांच्या चाचण्यांत शेल्बी यांचे शर्यत-चालक केन माइल्स यांचा मोठा वाटा होता. त्या वर्षाच्या जीटी३५० ची संख्या ५६२ दिली जाते. पुढे १९६९ च्या बॉस ३०२ मध्ये फोर्डने टॉवरलाच कारखान्यात जाड पट्ट्या जोडल्या. बॉस ४२९ मध्ये इंजिन इतके रुंद होते की टॉवरच बदलून घ्यावे लागले, आणि हे काम मिशिगनमधील ब्रायटन येथे कार क्राफ्ट या फोर्डसाठी काम करणाऱ्या कंपनीने केले.

सबफ्रेम कनेक्टर. सप्टेंबर १९६६ मध्ये आलेली शेव्हरोले कॅमेरो आणि फेब्रुवारी १९६७ ची पाँटिॲक फायरबर्ड यांत पुढे बोल्टने लावलेला स्वतंत्र सबफ्रेम (गाडीच्या पुढच्या भागापुरता सांगाडा) आणि मागे बॉडीतच वेल्ड केलेल्या तुळया होत्या. सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामध्ये रबराचे बुश असत. त्यामुळे आवाज कमी होई, पण पुढचा आणि मागचा भाग जोडायला मध्ये जमिनीचा पत्रा व रॉकर एवढेच राहत. ती दरी चौकोनी नळीने भरणारा भाग म्हणजे कनेक्टर. पहिल्या पिढीच्या कॅमेरोत कारखान्याने तो कधीच दिला नाही. त्याचे मूळ ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींच्या धावपट्टीवर, आणि रस्ता-शर्यतींच्या पथकांत आहे. कन्व्हर्टिबलच्या थरथरीवर जनरल मोटर्सने वेगळाच उपाय केला. गाडीच्या चारही कोपऱ्यांत डब्यांतून झुलती वजने ठेवली, जी बॉडीच्या उलट हलून कंप शोषतात. हौशी मंडळी त्यांना कॉकटेल शेकर म्हणतात. काटेकोरपणे पाहता हा बळकटीचा भाग नाही, तरी जीर्णोद्धारात वजन वाचवण्यासाठी तो काढून टाकणे अनुचित ठरते.

इतर भाग. १९६४ पासूनच्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये बंद टपाच्या गाडीला उघडी पन्हळ, तर कन्व्हर्टिबल व एल कॅमिनो (मागे सामानाचा उघडा हौदा असलेला प्रकार) यांना बंद पेटीची तुळई असे. शेव्हेलचाच वेगवान प्रकार एसएस ३९६ आणि ओल्डस्मोबिल ४४२ यांत मागच्या वरच्या व खालच्या आर्मच्या सांगाड्यावरील टेकूंना जोडणारी तिरपी पट्टी होती. १९८० च्या दशकातील कॅमेरो आयरॉक-झेडमध्ये स्टिअरिंगजवळ पुढच्या दोन तुळयांना जोडणारा वंडर बार हा याच वंशातला.