डंकन एडवर्ड्स आणि म्युनिकचं 'बर्फ': नक्की कोणतं?

दर 6 फेब्रुवारीला मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या ग्रुपवर तो फोटो फिरतो, बेलग्रेडला मॅचआधी ओळीत उभे असलेले अकरा जण, आणि खाली कुणीतरी हमखास लिहिलेलं असतं की 1958 ला म्युनिकला पंखांवर बर्फ साचल्यामुळे त्या टीमचं विमान कोसळलं. एक तर ते कोसळलं नाही, कारण ते उडालंच नव्हतं. आणि दुसरं म्हणजे 'बर्फ' या आपल्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी बसतात (वरून पडणारं, गोठून चिकटलेलं आणि अर्धवट वितळलेला लगदा), आणि म्युनिकनंतर अकरा वर्षं जे भांडण चाललं ते नेमकं त्यावरच होतं, की बर्फ कोणतं आणि कुठलं.

त्या टीममधला डंकन एडवर्ड्स, त्याचं लहानपण थोडक्यात. जन्म 1 ऑक्टोबर 1936, गाव डडली, इंग्लंडच्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यातलं. शाळेत असताना फुटबॉलइतकाच तिथल्या लोकनृत्यातही पुढे होता. 4 एप्रिल 1953 ला 16 वर्षांचा असताना युनायटेडच्या पहिल्या टीमकडून उतरला, मॅच 1-4 हरले. दोन वर्षांनी वेम्बलीवर इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध, तेव्हा वय 18 वर्षं 183 दिवस, आणि महायुद्धानंतरचा इंग्लंडचा सगळ्यात लहान खेळाडू हा त्याचा रेकॉर्ड थेट 1998 पर्यंत टिकला. जागा लेफ्ट हाफची, म्हणजे मैदानाच्या मध्यात डावीकडे, पण पोरगा असा आडदांड आणि तरी दोन्ही पायांनी खेळणारा की जिथे खड्डा पडेल तिथे त्याला उभा करायचे. त्यात सक्तीची लष्करी नोकरी, म्हणजे आर्मीच्या टीमकडूनही खेळायचं. 1956 आणि 1957 अशी लागोपाठ दोन लीग टायटल्स, इंग्लंडच्या 18 मॅचेस, 5 गोल. '66 च्या वर्ल्ड कपला तो 29 चा असता वगैरे जर-तर आपण सगळेच करतो, ते सोडून देऊ.

खरी गोष्ट सुरू होते युरोपपासून. 1955 ला इंग्लिश लीगने आपल्या चॅम्पियन क्लबला युरोपियन कपमध्ये, म्हणजे युरोपभरच्या चॅम्पियन क्लबांच्या स्पर्धेत, जाऊ दिलं नव्हतं, पुढच्या वर्षी युनायटेडच्या मॅनेजरने लीगचं न ऐकता टीम नेली. हा निर्णय दूरदृष्टीचा होता हे आज सगळे म्हणतात आणि मलाही तो बरोबरच वाटतो, पण त्याची किंमत अशी की बुधवारी परदेशात खेळा आणि शनिवारी लीगच्या मॅचला हजर व्हा, सवलत नाही. डिसेंबर 1957 ला प्रागहून येताना धुक्यामुळे टीमला फिरून फिरून यावं लागलं होतं, म्हणून बेलग्रेडच्या मॅचसाठी चार्टर, म्हणजे खास टीमपुरतं भाड्याचं, विमान घेतलं. 5 फेब्रुवारीला तिथे 3-3, घरची आणि ही अशा दोन्ही मॅच मिळून 5-4, सेमीफायनलला दाखल. शनिवारी घरी लीगमध्ये वुल्व्ह्ज या क्लबशी मॅच. 6 तारखेला परतताना पेट्रोल भरायला म्युनिकला उतरले.

दोनदा टेकऑफ सोडून द्यावा लागला, कारण इंजिनाचं प्रेशर वरखाली होत होतं. लोकांना उतरवून लाउंजमध्ये बसवलं, बाहेर बर्फ पडतच होतं. डंकनने मँचेस्टरला घरमालकिणीला तार केली की फ्लाइट्स रद्द, उद्या येतो. तेवढ्यात परत बोलावलं. इंजिनं नीट ट्यून करायची तर रात्र म्युनिकला काढावी लागणार होती, कॅप्टनला आधीच झालेला उशीर आणखी वाढवायचा नव्हता. तिसऱ्या वेळी स्पीड 117 नॉटपर्यंत (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) गेला, म्हणजे ज्याच्या पुढे थांबता येत नाही तो आकडा, उडायला 119 लागणार होता. आणि तिथून तो वाढायच्या ऐवजी उतरला, 112, मग 105. रनवे संपला, कुंपण तोडून विमान पलीकडच्या घरावर. तार दुपारनंतर पोचली, अपघात होऊन गेल्यावर.

आता बर्फ. गोळेवाल्याच्या गाडीखाली जो अर्धा पाणी अर्धा बर्फ असा लगदा साचतो ना, रनवेच्या शेवटच्या भागात तसला लगदा होता. आधीच्या दोन्ही वेळी विमान लवकर थांबवल्यामुळे चाकं त्या टोकाला गेलीच नव्हती. भरधाव स्कूटर अचानक चिखलात शिरली की मागून कुणी ओढल्यासारखी होते, तसंच. उलट पंखांवर जे गोठून चिकटतं ते वेगळं बर्फ, त्याने विमान उचलत नाही. फरक नुसता शब्दाचा नाही, कारण पंख बघणं कॅप्टनचं काम आणि रनवे साफ ठेवणं विमानतळाचं.

जर्मन चौकशीने पंखांवरचं बर्फ धरलं. विमान तपासलं ते अपघातानंतर काही तासांनी, तोवर त्यावर आणखी बर्फ पडलेलं! शिवाय टेकऑफच्या थोडं आधी काढलेला एक फोटो, ज्यात पंख पांढरे दिसतात, पुढे मूळ निगेटिव्ह तपासली तेव्हा ते उजेडाचं परावर्तन निघालं. कॅप्टनला विमान कंपनीने 1960 ला काढलं, त्यात तो कॅप्टनची डावी सीट सोडून नियमाविरुद्ध उजव्या सीटवर बसला होता हेही पुढे केलं. त्याने कोंबड्या पाळल्या आणि वर्षानुवर्षं केस लढवली. 1969 ला ब्रिटिश चौकशीने सांगितलं की कारण लगदा, दोष कॅप्टनचा नाही. जर्मन बाजूने लगद्याचा वाटा मानला पण पंख सोडले नाहीत. मी कुठल्या बाजूचा आहे ते एव्हाना कळलंच असेल. कॅप्टन 1975 ला गेला, वय 53, विमान कंपनीत परत घेतलं नाहीच.

डंकन लगेच गेला नव्हता. पायाचं हाड, बरगड्या, फुफ्फुस आणि दोन्ही किडन्या निकामी अशा अवस्थेत तो 15 दिवस झुंजला, फ्रायबुर्गहून कृत्रिम किडनीचं मशीन आणलं, पण त्याने रक्त गोठेनासं झालं आणि आतून रक्तस्राव सुरू झाला. मधे शुद्धीवर आला तेव्हा असिस्टंट मॅनेजरला विचारलं की वुल्व्ह्जची मॅच किती वाजता आहे. 21 फेब्रुवारी 1958 ला गेला, वय 21. विमानातल्या 44 पैकी एकूण 23 जण गेले, त्यात आठ खेळाडू, आणि त्या आठांत शेवटचा हा.

डडलीत लहानपणीच गेलेल्या बहिणीशेजारी त्याला पुरलंय. चर्चमध्ये त्याच्या चित्राची रंगीत काच 1961 ची, बाजारातला पुतळा 1999 चा. तर पुढच्या 6 फेब्रुवारीला फोटो टाकाल तेव्हा खाली 'रनवेवरचा बर्फाचा लगदा' एवढं लिहा, पंखांचं नाव काढू नका.